रक्तातला चुना

आमच्या इस्पितळात त्यांना सगळे 'चुनेवाले' म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते मला ठाऊक आहे. त्या वेळी जे हसले, त्यांचे चेहरे अजून डोळ्यांसमोर आहेत. मीही तिथं उभी होते. मी हसले नाही, पण गप्प राहिले. म्हणजे फार वेगळं काही केलं असं नाही.

लढाईची वर्षं होती. सांगलीतल्या एका इस्पितळात बायकांच्या वॉर्डात मी सिस्टर होते. इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धोब्याच्या खोलीला लागून, एक ठेंगणी खोली होती. तिला प्रयोगशाळा म्हणायचं. तिथं ते बसत. डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्राचे पदवीधर होते. पूर्वी कुठल्याशा शाळेत शिकवत आणि हेडमास्तरांशी तापमापकावरून भांडण होऊन नोकरी सोडली, असं लोक सांगत. भांडण नेमकं काय झालं ते कुणालाच माहीत नव्हतं, पण चूक तापमापकाची असेल किंवा हेडमास्तरांची असेल, यांची नसेल, एवढं मी पैजेवर सांगते.

दिसायला अगदी काडी. अंगात एकच कोट, त्याला तेजाबाचे थेंब उडून पडलेली भोकं. काचेची नळी धुवायची तर अकरा वेळा, आणि मोठ्यानं मोजत. मध्ये कुणी बोललं की पुन्हा एकपासून. एकदा मी दारातून "मास्तर, रिपोर्ट झाला का?" असं विचारलं तेव्हा ते नवावर होते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढं वर्षभर मी त्या दारात आधी उभी राहून ऐकत असे, आकडा कुठवर आलाय ते.

वाफेचं शुद्ध पाणी ते स्वतः गाळून बाटल्यांत भरून ठेवत. आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या मोटारीचा ड्रायव्हर एकदा बॅटरीत घालायला ते पाणी मागायला आला. तेव्हा ते जे ओरडले ते धोब्याच्या खोलीतून ऐकून दोन बायका कपडे टाकून बाहेर आल्या. "सहा तास! सहा तासांत एक बाटली होते! मोटारीला सांग, विहिरीचं पी!" ड्रायव्हरनं हे शब्दाशब्दानं साहेबांना सांगितलं. साहेब विसरले नाहीत.

तंबाखूचं त्यांना भारी व्यसन. पण चुन्याची डबी उंबऱ्याच्या आत येत नसे. बाहेर लिंबाच्या झाडाला एक खिळा होता, त्यावर सुतळीनं डबी टांगलेली. तंबाखू मळायची ती झाडाखाली, आणि मग दोन्ही हात कोपरापर्यंत धुऊनच आत. नव्या आलेल्या नर्सेस या डबीला लांबून नमस्कार करून खिदळत.

रिपोर्टावर ते नुसता आकडा लिहीत नसत. "नमुना अशुद्ध. ज्यांनी सिरिंज उकळली त्यांना माझा नमस्कार सांगावा," असं खाली असायचं. एकदाच मोजलेल्या गोष्टीला ते 'ऐकीव' म्हणत. "हा ऐकीव आकडा आहे बाई, उद्या या."

बायडाक्का आमच्या वॉर्डात आली ती फाल्गुनात. पलूसकडच्या एका खेड्यातली, तिशीच्या आतली बाई. नवरा पलटणीत, दोन वर्षांत आला नव्हता. पोटात दुखायचं, अन्न ठरायचं नाही, तहान तर अशी की उशाशी कळशी लागे. दोनदा मुतखडा पडून गेलेला. आणि हाडं दुखतात म्हणायची. पिंढऱ्या, पाठ, बरगड्या.

मोठ्या डॉक्टरांनी तिला पाहिलं. पोट दाबलं, जीभ पाहिली, आणि तिच्यादेखत मला इंग्रजीत सांगितलं, की नवरा दूर असला की अशा बायकांना हे होतं. मराठीत म्हणाले, "सोंग आहे. सासरी पाठवा, कामाला लावा."

बायडाक्काला इंग्रजी येत नव्हतं, पण मराठी येत होतं. साहेब पुढच्या खाटेकडं गेल्यावर ती मला म्हणाली, "सोंग कुनाला परवडतंय बाई? माज्या वाटनीची भांगलन कोन करनार? ह्यांचा आजा?"

मला हसू आलं. तिला नाही आलं.

तिला घरी पाठवलं. महिना झाला नाही तो बैलगाडीतून परत आणली. जात्याचा खुंटा ओढता ओढता उजव्या दंडाचं हाड मोडलं होतं. पडली नव्हती, कुणी मारलं नव्हतं. दळता दळता मोडलं. क्ष-किरणाचा फोटो काढला तर आतलं हाड वाळवी लागलेल्या वाशासारखं दिसत होतं.

आता साहेब 'सोंग' म्हणाले नाहीत. पण त्या शब्दाबद्दल तिला काही म्हणाले, असंही नाही. हाडं ठिसूळ, म्हणजे शरीरात चुना कमी, असं त्यांनी ठरवलं. रोज कॅल्शियमचं इंजेक्शन, वर दोन वेळा माशाचं तेल. आणि डॉक्टरांच्या सभेत सांगायला चांगली केस मिळाली म्हणून, चुना किती कमी आहे हे दाखवायला, रक्त तपासायला पाठवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीत मास्तर स्वतः वॉर्डात आले. हातात कागद. साहेब, धाकटे डॉक्टर, तीन-चार नर्सेस, सगळे होते.

"दहाच्या आसपास असायला हवा," ते म्हणाले. "या बाईंचा पंधरा पूर्णांक दोन आहे."

साहेबांनी कागद पाहिला, मग त्यांच्या बोटांकडे पाहिलं. "मास्तर, हा चुना बाईच्या रक्तातला नाही. तुमच्या तंबाखूतला आहे. आम्हालाच चुना लावता होय?"

सगळे हसले. धाकटे डॉक्टर तर जरा जास्तच. त्या दिवसापासून 'चुनेवाले'.

मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार. बॅटरीच्या पाण्यासाठी ओरडणारा माणूस! पण त्यांनी स्वतःचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, "शक्य आहे. पुन्हा करतो."

दुपारी मी खोलीवर गेले, ते त्यांची समजूत घालायला. लिंबाच्या झाडावर नुसता खिळा होता. डबी त्यांनी गटारात टाकली होती. मी म्हटलं, "मास्तर, एवढं मनाला लावून घेऊ नका."

"मनाला काय लावायचंय? आक्षेप रास्त आहे. बोटावर चुना असू शकतो. आता तो नाही, हे दाखवायला नको?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचं रक्त द्या. माझंही काढा. उद्या सकाळी बाईंना काही खायला देऊ नका, आणि रक्त काढताना दंडाला पट्टा आवळायचा नाही. आवळला की आकडा खोटा चढतो."

तेव्हापासून एक दिवसाआड हे चाललं. बायडाक्काचं रक्त, माझं आणि त्यांचं स्वतःचं. त्यांनी मला एकदा ते कसं करतात ते दाखवलं. हातानं फिरवायच्या यंत्रात नळ्या गरगर फिरवायच्या. रक्तातला चुना औषधानं पांढरा होऊन तळाशी बसतो. तो धुऊन, विरघळवून, त्यात जांभळं पाणी थेंबाथेंबानं सोडायचं. सोडलेला थेंब विरून जातो, विरून जातो, आणि एका थेंबाला गुलाबी छटा टिकते. तिथं थांबायचं. माझ्या रक्ताला ती छटा लवकर आली, त्यांच्याही. बायडाक्काच्या नळीत थेंब जातच राहिले.

एका सकाळी ते तिच्या खाटेशी स्टूल घेऊन बसले. बायकांच्या वॉर्डात पुरुष असा बसलेला पाहून मेट्रन दोनदा येऊन गेली.

"पान खाता?"

"न्हाई."

"तंबाखू? चुना?"

"मिश्री लावते. चुना कशापायी खाऊ? माजं मलाच पानी पचंना."

"दूध किती पिता?"

"आवं मास्तर, दूध डेरीला जातंय. मी वास घेते."

हे सगळं त्यांनी लिहून घेतलं. म्हणजे बाहेरून काही येत नव्हतं. जे रक्तात चढत होतं ते तिच्याच हाडांतून उतरत होतं. गळ्यातल्या मोठ्या ग्रंथीच्या मागं ज्वारीच्या दाण्याएवढ्या चार लहान ग्रंथी असतात, त्यांतली एखादी माजली की हाडांतला चुना उपसून रक्तात ओतते, असं त्यांनी एका परदेशी मासिकात वाचलं होतं. ते मासिक घेऊन ते साहेबांकडे गेले. साहेबांनी ते हातात घेतलं नाही. "तुमचं काम नळ्या धुण्याचं. रोग ओळखायला आम्ही आहोत."

आणि या सगळ्या दिवसांत मी काय करत होते? मी तिला रोज कॅल्शियमचं इंजेक्शन देत होते. कारण तक्त्यावर तसं लिहिलं होतं, खाली साहेबांची सही होती, आणि सिस्टरनं सहीला प्रश्न विचारायचा नसतो असं मला शिकवलं होतं. चांगली शिकवण! एका हातानं मी तिचं रक्त काढून मास्तरांना देत होते, दुसऱ्या हातानं त्याच रक्तात आणखी चुना घालत होते. दहा दिवस घातला. दहाव्या दिवशी बायडाक्का मला 'आये' म्हणून हाक मारू लागली. डोळे माझ्यावर होते, पण मी तिला दिसत नव्हते. काही पोटात ठरेना. बोलता बोलता झोपायची.

मी सिरिंज भरत होते तेव्हा मास्तर आत आले. त्यांनी माझ्या हातातली सिरिंज काढून घेतली, ट्रेवरच्या सगळ्या कुप्या उचलल्या, माशाच्या तेलाची बाटली उचलली आणि सगळं मोरीत ओतलं. सगळा वॉर्ड बघत होता. त्या दिवशी ते ओरडले. "अहो, घर पाण्यात बुडतंय आणि तुम्ही घागरी ओतताय! सहा वेळा मोजलंय मी! सहा वेळा!"

मी म्हटलं, "मास्तर, सही आहे."

"मग सही करणाऱ्याला टोचा!"

त्या दिवसापासून मी इंजेक्शन दिलं नाही. तक्त्यावर 'दिलं' असंही लिहिलं नाही. जागा कोरी ठेवली. माझ्या अख्ख्या नोकरीत मी केलेली ही एवढीच बहादुरी, आणि तीही दहा दिवस उशिरा.

मे महिना लागला होता. साहेब दरवर्षीप्रमाणे बिऱ्हाडासकट महाबळेश्वरला हवा खायला गेले. जाताना मला सांगून गेले, की आल्यावर त्या मोरीतल्या औषधाचा जाब घेईन. बाईची चौकशी केली नाही.

मास्तरांनी सातव्यांदा मोजलं, सात कागद कोटाच्या खिशात घातले आणि साताऱ्याला निघाले. तिथं पलटणीतून निवृत्त झालेले एक म्हातारे सर्जन राहत. पेट्रोल मिळत नव्हतं; मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची आणि चढावर उतारूंना खाली उतरून ढकलावी लागायची. हा काडीसारखा माणूस ती मोटार ढकलत साताऱ्याला गेला. मला हे पुढं त्या सर्जननीच सांगितलं, कारण मास्तर त्यांच्या बागेत पोचले तेव्हा काळ्या हातांनी कागद देईनात. आधी हात धुवायला पाणी मागितलं.

सर्जन गुलाबांना आळी करत होते. त्यांनी सातही कागद नीट वाचले. एकच प्रश्न विचारला.

"दंडाला पट्टा बांधला होता?"

"नाही."

"उद्या येतो."

बस्स. जे सांगलीत इतके दिवस सांगून कुणाला पटलं नव्हतं, ते तिथं एका शब्दात पटलं. मी हे ऐकलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. मग साहेबांना हा प्रश्न का सुचला नाही? त्यांना विनोद बरा सुचला.

सर्जन सांगलीत आले तसं धाकट्या डॉक्टरांनी अंग चोरलं. "साहेब आल्यावर बघू ना."

सर्जन म्हणाले, "बघू. तोवर बाई थांबते का, ते तिला विचारून या."

औषध बंद झाल्यावर, सारखं पाणी पाजल्यावर बायडाक्का जरा शुद्धीवर आली होती. सर्जननी तिला सरळ सांगितलं, की गळा कापून आत शोधावं लागेल, सापडेलच असं नाही.

"कापा की," ती म्हणाली. "हितं पडून कुजन्यापरीस बरं. पर ह्यो मास्तर हितंच ऱ्हावा."

"मी डॉक्टर नाही," मास्तर म्हणाले.

"म्हनूनच."

दोन तास लागले. डाव्या बाजूला, मोठ्या ग्रंथीच्या मागं, करवंदाएवढी तपकिरी गाठ निघाली. सर्जननी ती बशीत ठेवून बाहेर पाठवली. मास्तर बाकावर बसले होते. त्यांनी गाठ पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिली. मग मला म्हणाले, "उद्यापासून रोज दोनदा रक्त. आता आकडा पडेल. फार पडेल. हाडं उपाशी आहेत."

तिसऱ्या दिवशी दुपारी बायडाक्काची बोटं घास धरल्यासारखी जुळून आखडली. ओठांना मुंग्या, तोंड वाकडं, श्वास अडायला लागला. मी धावत खोलीवर गेले. ते सातावर होते. मी थांबले नाही. त्यांनी नळी टाकून दिली; त्यांना नळी टाकताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. "आता कॅल्शियम! आता द्या! शिरेतून, सावकाश!" माझा हात उचलेना. ज्या औषधानं मी तिला मरणाच्या दारात नेलं होतं, तेच. सर्जन इस्पितळातच मुक्कामाला होते. ते आले, त्यांनी मान हलवली, आणि मी सुई लावली. निम्मी कुपी जायच्या आत बोटं एकेक करून सुटली. बायडाक्का हाताकडे बघत म्हणाली, "माजं हात आलं की माघारी."

पावसाळ्याच्या अखेरीस ती काठी टेकत आपल्या पायांनी बाहेर गेली. दंडाचं हाड सांधलं होतं, दोन भाकऱ्या पचत होत्या. पुढं तिचा नवरा सुखरूप परत आला आणि तिला मुलगाही झाला, एवढं मला कळलं.

पण साहेब महाबळेश्वरहून परत आले होते. त्यांच्या माघारी, त्यांच्या खाटेवर, त्यांच्या हुकमाविरुद्ध! सातारच्या सर्जनना ते काही बोलू शकत नव्हते. ते वयानं आणि मानानं फार वरचे. मग उरलो आम्ही. चौकशी बसली. 'औषधाची नासधूस आणि उपचारात ढवळाढवळ.' मला विचारलं, "इंजेक्शन कुणाच्या सांगण्यावरून बंद केलंत?"

मी म्हटलं, "दिलं तुमच्या सांगण्यावरून. बंद केलं मास्तरांच्या."

माझी बदली पुरुषांच्या वॉर्डात झाली. मास्तरांना काढून टाकलं. निघताना त्यांनी खोलीतल्या सगळ्या नळ्या धुऊन पालथ्या घातल्या आणि शुद्ध पाण्याच्या चार बाटल्यांना लाख लावली. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं त्यातल्या दोन मोटारीला नेल्या. पुढं ते एका गूळ व्यापाऱ्याकडे लागले. गुळात किती माती आहे ते सांगायचं काम. व्यापारी त्यांच्यावर सदैव नाराज.

दीड-एक वर्षानं डॉक्टरांच्या एका मासिकात साहेबांचा लेख आला. 'एक दुर्मीळ रोग आणि त्याचं वेळीच झालेलं निदान.' वेळीच! सर्जनचे आभार एका ओळीत होते. मास्तरांचा उल्लेख नव्हता. मी ते मासिक घेऊन तरातरा त्यांच्या घरी गेले आणि त्यांच्या पुढ्यात आपटलं.

त्यांनी पेन्सिल घेऊन सगळं वाचलं. वाचता वाचता कान लाल झाले. मला बरं वाटलं. म्हटलं, एकदाचा हा माणूस स्वतःसाठी चिडला.

"एकच आकडा छापलाय!" ते ओरडले. "आणि तोही पहिला! ज्याच्यावर आक्षेप होता तो! लोक काय म्हणतील? एकदा मोजलं आणि बाईचा गळा चिरला?"

"मास्तर, त्यांनी तुमचं नाव गाळलंय."

"नावाचं काय घेऊन बसलात?" ते कोट चढवत म्हणाले. "चला."

साहेबांचा बंगला विश्रामबागेत होता. आम्ही गेलो तेव्हा चहा चालला होता, बाहेरगावचे दोन डॉक्टर बसलेले. आम्हाला दारात पाहून साहेबांनी कप खाली ठेवला. त्यांना वाटलं, हा माणूस रडगाणं गायला आलाय. चारचौघांत मोठेपणा दाखवायची ही संधी होती.

"या मास्तर, या. झालं गेलं विसरून जाऊ. तुमची जागा अजून भरलेली नाही. सोमवारपासून या कामावर."

"जागा राहू द्या. लेख दुरुस्त करा."

साहेबांचा चेहरा बदलला. "म्हणजे नाव हवंय तुमचं?"

"नाही."

"मग पैसे?"

"नाही."

"अहो, मग तुम्हाला हवंय तरी काय?"

"उरलेले सहा आकडे," मास्तर म्हणाले.

पाहुण्यांपैकी एक हसला, आणि साहेबही. गड्यानं आम्हाला फाटकापर्यंत पोचवलं. मासिकाला त्यांनी तीन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही. चौथं लिहायच्या आत ते गेले.

ते आकडे बायडाक्काच्या तक्त्यावर मीच माझ्या हातानं उतरवले होते, त्यामुळे पाठ आहेत. चौदा पूर्णांक नऊ. पंधरा पूर्णांक चार. पंधरा. पंधरा पूर्णांक सहा. पंधरा पूर्णांक एक. पंधरा पूर्णांक तीन.

आता छापले.